तोळाभर दारू, छत्तीस बार

नारायण पेठेतून लक्ष्मी रस्त्यावर आलं की सराफांची दुकानं सुरू होतात आणि तिथे तोळा म्हणजे किती हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण हा तोळा इंग्रजी अमदानीत पक्का ठरला, तो १८० ग्रेनचा. बंदुकीची दारू आणि गोळीचं वजन आजही अनेक ठिकाणी ग्रेनमध्ये मोजतात. म्हणजे सोनं आणि काडतूस हे मापाने एकमेकांचे सख्खे शेजारी निघाले.

आता हिशेब करून पाहा. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या एका काडतुसात साधारण ४ ते ६ ग्रेन दारू असते. पाच धरा. तोळाभर दारूत छत्तीस काडतुसं भरतात. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, म्हणजे एका काडतुसाच्या वाट्याला तीन गुंजाही येत नाहीत. एवढीशी चिमूट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात जळून जाते आणि आत तयार होणारा दाब चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत चढू शकतो. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा त्यातला जादा दाब असतो पंधराएक पौंड. कुकरच्या दोन हजारपटींहून जास्त दाब हातातल्या लोखंडी नळीने झेलायचा असतो.

अमेरिकेत हजारो नेमबाज आणि शिकारी ही काडतुसं घरच्या गॅरेजमध्ये स्वतः भरतात. पितळी कवच पुन्हा वापरायचं, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. त्याला ते ‘रीलोडिंग’ म्हणतात. त्यात काय चुकतं, का चुकतं आणि त्यातलं आपल्या मातीत किती आधीपासून माहीत होतं, हे सगळं फार रंजक आहे.

आधी कायदा

पेठेतल्या कुणी हा छंद घरी करून पाहायचं मनात आणलं, तर उत्तर नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रं किंवा दारूगोळा बनवायला त्या कामाचा वेगळा परवाना लागतो. पिस्तूल बाळगायचा परवाना असला म्हणून काडतूस बनवायची मुभा मिळत नाही. कायद्यातली ‘दारूगोळा’ ही संज्ञा इतकी रुंद आहे की दारूगोळ्याचे सुटे भाग आणि त्याला लागणारे घटकही तिच्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान ७ वर्षं कैद, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्याच दुरुस्तीने एका माणसाला परवान्यावर बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेने हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणखी एक, महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचं. देशभरातल्या स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, पेसोचं, मुख्यालय नागपुरात आहे.

केसरीवाड्यातलं कार्ड

स्फोटकांच्या कायद्याचा नारायण पेठेशी संबंध जुना आहे आणि तो थेट केसरीवाड्यात जातो. ८ जून १९०८ रोजी सरकारने स्फोटक पदार्थांचा नवा कायदा मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. २४ जूनला मुंबईत लोकमान्यांना अटक झाली, पुण्यात झडती झाली आणि पोलिसांच्या हाती एक कार्ड लागलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिलेली होती.

राजद्रोहाच्या खटल्यात सरकार पक्षाने हे कार्ड पुराव्यात ठेवलं. टिळकांनी खुलासा केला तो वकिलाला शोभेल असा. नव्या कायद्यातली स्फोटकाची व्याख्या फारच सैल आहे, तिच्यावर टीका करायची तर स्फोटक म्हणजे काय ते आधी वाचायला हवं, म्हणून पुस्तकांची नावं टिपून ठेवली. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले. तो १९०८ चा कायदा आजही लागू आहे. ज्या व्याख्येवर लिहायचं म्हणून टिळक पुस्तकं शोधत होते, तिचा विस्तार नंतरच्या काळात वाढतच गेला. मला या साऱ्यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची पद्धत. विषय धोक्याचा असला तरी मत देण्याआधी मुळातून वाचायचं.

मराठीतली पहिली सुरक्षा-नियमावली?

‘पहिली’ हा शब्द मी प्रश्नचिन्हासकटच वापरते, पण दावेदार तगडा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं, १७१५ च्या सुमाराचं आज्ञापत्र आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचतो. त्यात गडावरच्या दारूखान्याबद्दल जे सांगितलंय ते आजच्या स्फोटक-गोदामाच्या नियमांशेजारी ठेवून वाचावं.

दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. भोवती कुंपण असावं. दारू तळघरात माचावर ठेवावी आणि तिला ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी माल बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावा. राखणीला कायम माणसं असावीत आणि परवानगीवाचून कुणी जवळ जाऊ नये.

अंतर, ओलावा, ठरावीक मुदतीने तपासणी, मोहोर, पहारा. आज अमेरिकेतल्या रीलोडिंगच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात हेच असतं: दारू थंड, कोरड्या जागी, मूळ डब्यातच, मुलांच्या हाताबाहेर, कुलपात. ऊन दाखवायचा भाग मात्र आता बाद झाला. काळ्या दारूतला सोरा ओल धरत असे म्हणून तेव्हा उन्हाची गरज होती. आजची बिनधुराची दारू उष्णतेने उलट लवकर खराब होते, म्हणून तिला उन्हापासून जपतात.

सिंहगडावर वीज

पुणे दरवाज्यातून सिंहगडावर शिरलं की दारूचं कोठार लागतं. पिठलं-भाकरीच्या ओढीने आपण ते ओलांडून पुढे जातो. तिथे दोन मिनिटं थांबा. ११ सप्टेंबर १७५१ रोजी गडावरच्या दारूकोठारावर वीज पडली. फडणिसांचं घर उद्ध्वस्त झालं आणि घरातली माणसं मेली.

बेंजामिन फ्रँकलिनचा तो सुप्रसिद्ध पतंगाचा प्रयोग १७५२ चा. म्हणजे सिंहगडावर वीज पडली तेव्हा वीजवाहक सळई ही कल्पना जगात नुकती कुठे मांडली जात होती. पुढे १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात बुरुजात साठवलेल्या दारूवर वीज पडून शहराचा मोठा भाग उडाला. युरोपात दारूकोठारांवर सळया बसवायला त्यानंतर जोर चढला.

१८८४: एकाच वर्षात तिघं

फ्रान्समध्ये पॉल व्हिएई या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली, १८८४. अमेरिकेत ‘आयडियल’ कंपनी सुरू झाली, तीही १८८४. पकडीसारख्या हातातल्या अवजाराने घरी काडतूस भरणं तिने सोपं केलं. आणि भारतात स्फोटकांचा कायदा, इंडियन एक्स्प्लोझिव्ह्ज अ‍ॅक्ट, तोही १८८४.

यातला व्हिएईचा शोध घरच्या भरणीच्या दृष्टीने सगळ्यात घातक ठरला आणि त्याचं कारण मजेशीर आहे. जुनी काळी दारू दुबळी, म्हणून कवचात काठोकाठ भरावी लागे. दोनदा भरायला जागाच नसे. नवी दारू इतकी जोरकस की कवचाच्या तळाशी थोडीशी घातली की पुरे. पण कवचं जुन्याच मापाची राहिली. पॉइंट थर्टी-एट स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस शतकाच्या शेवटी आलं तेच मुळी काळ्या दारूला पुरेल अशा लांबीचं. त्यात हलका बार भरताना दारू चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. वरून गोळी बसते आणि काडतूस दिसायला अगदी निर्दोष राहतं. फोन वाजला, कुणी हाक मारली, ‘कुठवर आलो होतो?’ असं झालं, की घात.

म्हणून या छंदातले मुरलेले लोक दोन सवयी सोडत नाहीत. पन्नास कवचं लाकडी ठोकळ्यात उभी करायची, दारू घालून झाली की दिव्याखाली सगळ्यांत डोकावायचं. एकातली पातळी जरी वर-खाली दिसली तरी ते रिकामं करायचं. आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दोन जातींची दारू दिसायला सारखी आणि जळायच्या वेगात कमालीची वेगळी असू शकते. डब्यांवरची नावं वाचायला हवीत, आठवणीवर भरवसा नाही. कुठली दारू किती घालायची, हे वर्षानुवर्षांचा अनुभव असलेल्यालाही छापील पुस्तकातूनच पाहावं लागतं.

फुसका बार

दोनदा पडली तर काय होतं ते कळलं. पडलीच नाही तर? तर निरुपद्रवी, असं वाटेल. प्रत्यक्षात हा तितकाच वाईट प्रसंग. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी कवचातून सुटते, नळीत थोडी सरकते आणि अडकते. आवाज होतो ‘फट्’, नेहमीसारखा दणका नाही. नेमबाज बावचळून पुन्हा चाप ओढतो, दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फुटते. नियम एका ओळीचा आहे: आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक सुरक्षित दिशेला धरायची, रिकामी करायची आणि नळीतून आरपार दिसतंय का ते पाहायचं.

एका बंदुकीत तेवीस बार

माणूस घाईत किंवा भीतीत किती चुकू शकतो याचा पुरावा अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणांगणावर मिळाला. १८६३ च्या त्या लढाईनंतर २७ हजारांवर ठासणीच्या बंदुका गोळा केल्या. त्यातल्या साधारण २४ हजार भरलेल्याच होत्या. त्यातल्या निम्म्यांत दोन बार ठासलेले. हजारोंमध्ये तीन ते दहा. आणि एका बंदुकीत एकावर एक तेवीस. सैनिक ठासत राहिला, बार एकदाही सुटला नाही आणि त्या गोंगाटात त्याला ते कळलंच नाही.

ठासणीची बंदूक आपल्याकडे संग्रहालयात गेलेली नाही. कोकणात शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती आजही आहे, रानडुकरं पीक उकरतात म्हणून. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे का हे बाहेरून दिसत नाही. जुने शिकारी म्हणून गजावर खूण करून ठेवत. रिकाम्या नळीत गज किती आत जातो त्याची एक खूण असली, की नुसता गज घालून बंदूक भरलेली आहे का ते समजतं. साधी युक्ती, पण जीव वाचवणारी. आणि या नळीत काळ्या दारूऐवजी बिनधुराची दारू कधीच घालायची नसते. ती नळी तेवढ्या दाबासाठी घडवलेलीच नसते.

पाद्र्याचे पक्षी

काडतुसाच्या बुडाला जी चिमुकली टोपी असते, तिच्या मुळाशी एक स्कॉटिश पाद्री आहे. अलेक्झांडर फोर्साइथ शिकारीला जायचा. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी आधी दिसायची, बार नंतर सुटायचा आणि पक्षी तेवढ्यात उडून जायचे. वैतागून त्याने आघाताने पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं.

ती टोपीच आजही काडतुसाचा सगळ्यात तापट भाग आहे. पिस्तुलाची दारू उघड्यावर पेटली तर भडकून जळते. टोप्यांचं तसं नाही, एक उडाली की शेजारच्या सगळ्या एकदम उडू शकतात. म्हणून कारखाने त्या कप्प्यांत विभागलेल्या खोक्यात, एकमेकींना लागणार नाहीत अशा बसवून पाठवतात. त्या काढून बरणीत ओतणं म्हणजे बरणीतला बॉम्ब. बरणी हलवली तरी पुरे.

आणखी एक गंमत. १८६६ च्या सुमाराला अमेरिकन हायरम बर्डनने एक टोपी काढली आणि इंग्रज कर्नल एडवर्ड बॉक्सरने दुसरी. पुढे युरोपात आणि जगभरच्या सैन्यांत चालली ती अमेरिकनाची, अमेरिकेत रुजली ती इंग्रजाची. बॉक्सरच्या टोपीखालचं कवच मधोमध एका भोकाचं, त्यामुळे वापरलेली टोपी सुईने सहज बाहेर ढकलता येते. घरी भरायचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

खडकी, कसबा आणि पितळ

बॉक्सरच्या शोधानंतर तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. नारायण पेठेतून नदी ओलांडून सहज जाता येईल इतक्या अंतरावर दीडशेहून जास्त वर्षं काडतुसं बनत आहेत. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आला आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. दारूच्या कामाची शिस्त जगभर सारखीच: काडीपेटी फाटकाबाहेर, अंगावर सुती कपडे, ठिणगी न पाडणारी पितळी-तांब्याची अवजारं आणि अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरवूनच आत पाऊल.

कवचाचं पितळ सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त असं असतं. ते दर बाराला फुगतं, दर भरणीला पुन्हा दाबून मापात आणतात आणि या मारामारीत ते कडक होत जातं. कसब्यातल्या तांबट आळीत विचारा. ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत तापवून मऊ केलं नाही तर चिरतं, हे तिथल्या कुणालाही ठाऊक आहे. कवचाचंही तेच. तोंडाशी बारीक चीर दिसली की ते भंगारात.

पदकांची काडतुसं एकदाच वापरतात

तेजस्विनी सावंत, २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद. राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण. स्वप्नील कुसाळे, १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य. तिघंही कोल्हापूर जिल्ह्यातले आणि तिघांच्याही या यशामागे एकच काडतूस, पॉइंट टू-टू लाँग रायफल, जन्म १८८७.

या काडतुसाला मधली टोपी नसते. आघाताचं रसायन कवचाच्या बुडाच्या कडेत आतून पसरलेलं असतं, बंदुकीचा खिळा ती कड चेपतो आणि बार सुटतो. चेपलेली कड पुन्हा सरळ करून तिच्यात रसायन भरणं सहसा कुणी करत नाही. म्हणजे बालेवाडीच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलामुलींना घरी भरायचा मोह व्हायचं कारणच नाही. त्यांच्यासाठी खरी काळजी शिशाची आहे. गोळीतलं आणि धुरातलं शिसं हातांना, कपड्यांना चिकटतं. रेंजवरून आल्यावर साबणाने हात-तोंड धुवायचं, मगच डबा उघडायचा. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार वाईट, तेव्हा रेंजचे कपडेही वेगळे धुवावेत.

आगीत काडतूस

सिनेमात शेकोटीत काडतुसं टाकली की गोळ्या सुसाट सुटतात. प्रत्यक्षात नळीच्या आधाराशिवाय गोळीला वेग मिळत नाही. कवच फाटतं, गोळी जवळपास तिथेच पडते आणि पितळाचे तुकडे, टोप्या उडतात. डोळा फोडायला तेवढं पुरतं, पण भिंत भेदायला नाही. भरलेल्या बंदुकीची गोष्ट वेगळी. ती आगीत सापडली तर खरोखरच झाडली जाऊ शकते.

मोठ्या साठ्याला मात्र हे गणित लागू नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र लादलेल्या होत्या. आधी कापूस धुमसला, मग १,४०० टनांच्या आसपास स्फोटकं उडाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. जळणारं आणि उडणारं एका छपराखाली ठेवू नये. आता नारायण पेठेतल्या लाकडी तुळयांच्या वाड्याचा आणि तिथल्या गल्लीच्या रुंदीचा विचार करा. दारूखाना घरांपासून दूर हवा, हे अमात्यांनी का सांगितलं ते लगेच पटेल.

माळ्यावरचा डबा

पेठेत खरोखर घडू शकतं ते हे. वाडा पुनर्विकासाला जातो, माळा रिकामा होतो आणि पणजोबांच्या ट्रंकेत एका डब्यात हिरवट पडलेली काडतुसं सापडतात. घराण्यात कुणाकडे परवाना होता, कुणी सैन्यात होतं, आता सांगणारं कुणी नाही. अशी काडतुसं उघडून पाहू नयेत, घासून चकचकीत करू नयेत, भंगारवाल्याला देऊ नयेत, नदीत किंवा कचऱ्यात टाकू नयेत. जुनी झाली म्हणजे निकामी झाली, असं समजणं चूक आहे. नगरजवळच्या लष्करी सराव क्षेत्रात भंगारासाठी पडलेले गोळे उचलणाऱ्या गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. डबा होता तिथेच राहू द्यायचा, मुलांना दूर करायचं आणि ११२ वर फोन करायचा.

परवान्याची बंदूक घरात असेल आणि परवानाधारक वारला असेल, तर रस्ता कायद्यानेच आखून दिलाय. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे हत्यार आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा. वारसाचा हक्क त्याने बुडत नाही. स्वतःच्या नावाचा परवाना मिळाला तर हत्यार परत घेता येतं, नाहीतर बाळगायला पात्र असलेल्या माणसाला विकता येतं. जमा करताना काडतुसं मोजून लिहून घ्या आणि पोच मागून घ्या.